क्रेट बरा की खोका? एलसीएचा निकाल वाचताना

प्रश्न थोडक्यात असा. नारायणगावहून टोमॅटो उचलून ठाणे-नवी मुंबईतल्या दुकानांना पुरवणारी एक कंपनी, ऑफिस महापेला. परत परत वापरायचे प्लास्टिकचे क्रेट बरे की एकदाच वापरायचे पुठ्ठ्याचे खोके, यावर त्यांनी कन्सल्टंटकडून एलसीए, म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन (वस्तू बनण्यापासून टाकली जाईपर्यंत पर्यावरणावर किती भार पडतो याचा हिशेब), करून घेतलं. एक टन टोमॅटो पोचवायला क्रेटचे २०.५ किलो आणि खोक्याचे २४ किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य (सगळे हरितगृह वायू एकाच मापात) निघाले. पाणी, जमीन, विषारीपणा अशा बाकीच्या सतरा रकान्यांत कुठे क्रेट पुढे, कुठे खोका. सगळे रकाने मिळून काढलेल्या शेवटच्या ‘सिंगल स्कोअर’मध्ये क्रेट ३१ टक्क्यांनी सरस. साहेबांना आता क्रेटवर ‘१५ टक्के कमी प्रदूषण’ असं छापायचंय. प्रश्नकर्ते विचारतात, हे छापता येईल का, आणि १४० पानांचा हा रिपोर्ट वाचायला घ्यायचा कुठून?

छापू नका. आज तर नकोच. रिपोर्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही पाठवलेले परिशिष्टातले दोन तक्ते बघता कन्सल्टंटनं कष्ट घेतलेत. पण २०.५ आणि २४ यांच्यातलं अंतर साडेतीन किलोंचं आहे, आणि तुमच्याच तक्त्यातली तीन गृहीतकं अशी आहेत की त्यातलं कुठलंही एक हललं तरी हे अंतर पुसलं जातं किंवा चौपट होतं.

ठाण्यात बसून ही कामं करायला लागून मला अठरा वर्षं झाली. रंगवाले, केबलवाले, पॅकेजिंगवाले, बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यातले. त्यातून एक सवय लागली. रिपोर्ट हातात आला की रंगीत आलेखांची पानं उलटून थेट परिशिष्टात जायचं, गृहीतकांचा तक्ता काढायचा, आणि ज्या ओळीपुढे ‘तज्ज्ञांचा अंदाज’ असं लिहिलेलं असेल तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल करायचा. तुमच्या तक्त्यातली तशी पहिलीच ओळ: ‘क्रेटचं आयुष्य: १०० फेऱ्या’.

गणित पाठकोऱ्या कागदावर होतं. क्रेट बनवायला, म्हणजे प्लास्टिकचा दाणा, मोल्डिंगची वीज आणि कारखान्यापासूनची वाहतूक धरून, तुमच्या रिपोर्टात ५ किलो दिलेत. एका क्रेटमध्ये २० किलो माल. टनाला ५० क्रेट. म्हणजे २५० किलो. हे २५० जितक्या फेऱ्या होतील तितक्यांवर वाटले जातात. शंभर फेऱ्या धरल्या की टनाच्या वाट्याला २.५ येतात. रिकामे क्रेट परत नेण्याचे १६ आणि धुण्याचे २ मिळवले की झाले २०.५. आता तेच गणित उलटं करा. किती फेऱ्यांना क्रेटची खोक्याशी बरोबरी होते? २४ मधून १८ गेले, राहिले ६. २५० भागिले ६, साधारण ४२. बेचाळीसच्या वर क्रेट पुढे, खाली खोका पुढे. साहेबांना १५ टक्क्यांच्या आधी हा ४२चा आकडा दाखवा.

तुमचा क्रेट खरंच किती फेऱ्या मारतो, हे मालकाला विचारून कळत नाही. तुर्भ्याला मार्केटच्या मागे एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मी याच कामासाठी बसलो होतो. मालक म्हणाले, दीडशे. सुपरवायझर म्हणाला, ‘साहेब, ऐंशी धरा.’ कोपऱ्यातले मुनीमजी काहीच बोलले नाहीत. त्यांनी कप्प्यातून लाल कापडाची वही काढली आणि दोन पानं उघडून पुढे ठेवली. एका पानावर वर्षभरात भरून आलेले क्रेट, सुमारे ३,००,०००. दुसऱ्यावर त्याच वर्षी गेलेल्यांच्या बदली विकत घेतलेले नवे क्रेट, ९,०००. भागाकार ३३. मालकांनी वही स्वतःकडे ओढली, ओळीओळीवर बोट फिरवून बेरीज पुन्हा केली आणि चहा मागवला.

यात एक खाच आहे. धंदा वाढतोय म्हणून घेतलेले जादा क्रेट या भागाकारात धरू नका. फक्त बदलीचे धरा, नाहीतर आयुष्य उगाच कमी दिसतं. आणि क्रेट मोडतात त्याहून जास्त हरवतात. सानपाड्याच्या टपरीवर गिऱ्हाईक ज्याच्यावर बसलेलं असतं, घणसोलीच्या गॅलरीत ज्याच्यात कढीपत्ता लावलेला असतो, तो क्रेट तुमच्या हिशेबात मेलेला आणि जगात जिवंत असतो. एलसीएला तो मेलेलाच धरावा लागतो, कारण टोमॅटोसाठी नवा घ्यावा लागला.

समजा तुमचाही आकडा ३३ निघाला. मग क्रेटचे ७.६ अधिक १८, म्हणजे २५.६. खोका २४. निकाल उलटला.

थांबा, अजून उलटायचाय. खोक्याचे २४ कसे आले ते बघा: बनवायचे ३४, वजा ‘पुनर्वापराचं श्रेय’ १०. हे उणे चिन्ह दिसलं की तिथे थबकायचं, हा माझा दुसरा नियम. तुमच्या खोक्याचा कागद रद्दीपासून बनलेला आहे, वापीकडच्या मिलचा, असं रिपोर्टच सांगतो. मिलमध्ये येणाऱ्या रद्दीवर कन्सल्टंटनं कसलाही बोजा टाकलेला नाही. ती फुकट आली असं धरलंय. ही एक मान्य पद्धत आहे, एलसीएला तयार आकडे पुरवणाऱ्या डेटाबेसच्या भाषेत ‘कट-ऑफ’. पण मग तोच खोका वापरून रद्दीत गेला की नवा कागद वाचवल्याचं श्रेय पुन्हा त्यालाच द्यायचं नाही. येताना सूट आणि जाताना बक्षीस, असं दोन्ही घेता येत नाही. एक काहीतरी निवडा आणि क्रेटच्या प्लास्टिकलाही तोच नियम लावा. श्रेय काढलं की खोका ३४वर जातो, आणि मग क्रेटला जिंकायला १६ फेऱ्या पुरतात. मुनीमजींच्या ३३ फेऱ्यांतही तो आरामात पुढे.

तिसरं गृहीतक परतीच्या गाडीचं. क्रेटच्या नावावर जे १६ किलो टाकलेत, ते रिकामे क्रेट गाडीत जेवढी जागा अडवतात त्या हिशेबानं. आता तुमच्या ड्रायव्हरना विचारा की खोक्यातून माल आणला त्या दिवशी गाडी नारायणगावला कशी गेली? रिकामी गेली असेल, तर परतीचं डिझेल दोन्ही पर्यायांत जळणारच होतं. मग ते एकट्या क्रेटच्या माथी मारणं चूक. माळशेज चढताना क्रेटच्या वजनानं जे थोडं जास्त जळतं तेवढंच त्याचं. पण खोक्यांच्या दिवशी गाडीला परतीचं भाडं मिळत असेल, आणि क्रेट भरल्यामुळे ते बुडत असेल, तर १६ बरोबर आहेत. शिवाय डेटाबेसमधल्या ट्रकच्या आकड्यात सरासरी रिकाम्या फेऱ्या आधीच मिसळलेल्या असतात, त्यामुळे वेगळी परतीची फेरी जोडताना तीच दोनदा मोजली गेली नाही ना, हेही विचारून घ्या. ही माहिती कन्सल्टंटला ईमेलवर मिळत नाही. ड्रायव्हरबरोबर वडापाव खाल्ला की दहा मिनिटांत मिळते.

एलसीएचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ १४०४४. त्यात निकालाच्या अर्थनिर्णयनाचा जो टप्पा आहे, त्यात तीन तपासण्या सांगितल्या आहेत: पूर्णता, संवेदनशीलता आणि सुसंगती. वर आपण जे केलं ते म्हणजे संवेदनशीलता आणि सुसंगती, फक्त वहीच्या भाषेत. बहुतेक रिपोर्टांत या तपासण्यांना एक पान मिळतं आणि तेही ‘तपासणी केली, समाधानकारक’ अशा सुरात. तुमच्यात पाऊण पान आहे.

आता बाकीचे सतरा रकाने. सगळे सारख्या गांभीर्यानं वाचू नका.

तुम्ही लिहिलंय की गोड्या पाण्यातल्या ‘युट्रोफिकेशन’मध्ये, म्हणजे फॉस्फरससारखी पोषकद्रव्यं वाढून पाणी शेवाळण्यात, क्रेट मागे पडला, म्हणून तुमचे ऑपरेशन्सवाले क्रेट धुण्याचा साबण बदलायला निघालेत. साबणाची ऑर्डर थांबवा आणि सॉफ्टवेअरमध्ये योगदानाचं झाड, म्हणजे कुठल्या टप्प्यातून किती भार आला ते दाखवणारा आराखडा, उघडायला सांगा. मी पैज लावतो, फांदीफांदीनं खाली गेलात की शेवटी वीज सापडेल, आणि विजेच्या खाली कोळशाची खाण. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे ढीग, त्यातून झिरपणारं पाणी, त्यातलं फॉस्फेट. इकोइन्व्हेंट डेटाबेस हे झिरपणं शंभर वर्षांच्या पुढचंही मोजतो, थेट ६०,००० वर्षांपर्यंत. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशाची, त्यामुळे इथे मोल्ड झालेल्या, धुतलेल्या, पंपानं चढवलेल्या कुठल्याही वस्तूचा हा रकाना फुगलेला दिसतो. एका कारखान्याच्या मॅनेजरनं मला जवळजवळ दरडावून विचारलं होतं, ‘आमच्या सांडपाण्यात फॉस्फेट नाहीच, मग हे आलं कुठून?’ त्यांचं म्हणणं खरं होतं आणि रिपोर्टही खरा होता. ते फॉस्फेट ठाण्याच्या खाडीत येत नव्हतं, खाणीजवळ झिरपत होतं. अशा वेळी तोच हिशेब दीर्घकालीन उत्सर्जन वगळून पुन्हा चालवायला सांगायचं आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे. क्रम बदलला नाही तर बोलायला जागा आहे. बदलला तर त्या रकान्यावरून कसलाही निर्णय घेऊ नका.

विषारीपणाच्या रकान्यांत तर आणखी सैल हातानं वाचायचं. कुठलं रसायन किती विषारी धरायचं याची गुणकं यूएसईटॉक्ससारख्या मॉडेलांतून येतात, आणि यूएसईटॉक्समध्ये माणसाच्या आरोग्यासाठीच्या गुणकांची अनिश्चितता शंभर ते हजार पटींच्या घरात मानली जाते. तिथे क्रेट ४० टक्क्यांनी सरस दिसला म्हणून टाळ्या वाजवू नका. दहा पट फरक दिसला तर मात्र कुठलं रसायन, कुठल्या टप्प्यावर, एवढं शोधायला जा. तो रकाना शोध घ्यायला उपयोगी आहे, निकाल द्यायला नाही.

मॉन्टे कार्लोच्या, म्हणजे आकडे थोडे थोडे हलवून तोच हिशेब पुन्हा पुन्हा चालवण्याच्या, आलेखाबद्दल तुम्ही विचारलंत. दोन्ही स्तंभांवरच्या अनिश्चिततेच्या रेघा एकमेकींवर येतात, म्हणजे फरक नाहीच का? तसं नसतं. क्रेटला जी वीज, तीच कागदाच्या मिलला. दोघांना तोच डिझेलचा ट्रक. विजेचा आकडा चुकला असेल तर दोन्हीकडे एकाच दिशेला चुकलाय, आणि वजाबाकीत ती चूक बरीचशी निघून जाते. म्हणून दोन रेघा बघण्याऐवजी दर फेरीतला फरक मागा: हजार वेळा हिशेब चालवला, त्यातल्या किती वेळा क्रेट कमी आला? हा आकडा कन्सल्टंटला सहज काढता येतो. फक्त तो बघून हुरळू नका. यंत्राला फक्त दिलेल्या आकड्याच्या आजूबाजूचं कळतं. शंभराला दहा इकडे-तिकडे असं सांगितलं असेल तर त्याच्या हजार खेळींत ३३ एकदाही येणार नाही. मुनीमजींची वही मॉन्टे कार्लोत नसते.

विजेच्या आकड्यावरून एक छोटी गोष्ट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा सरासरी गुणक दरवर्षी जाहीर करतं; २०२३-२४ साठी तो युनिटमागे सुमारे ०.७३ किलो आहे. पण तो वीजकेंद्राच्या धुराड्यापुरता. कोळसा खणणं, वाहून आणणं आणि तारांमधली गळती त्यात नाही, म्हणून एलसीएतला आकडा त्याहून जास्त असायलाच हवा. तुमच्या तक्त्यात क्रेटच्या मोल्डिंगला ०.७३ लावलाय आणि कागदाला डेटाबेसमधला पूर्ण आकडा. फार फरक पडणार नाही, पण ही चूक क्रेटला झुकतं माप देते, म्हणून दुरुस्त करून घ्या.

सिंगल स्कोअर मी वाचतच नाही, असं म्हटलं तर सहकारी हसतात. खरं सांगायचं तर वाचतो, शेवटी, आणि कुतूहल म्हणून. हवामानबदल, पाणी, जमीन, विषारीपणा यांना वजनं देऊन एकच आकडा काढायचा, तर ती वजनं कुणीतरी ठरवलेली असतात. तुमच्या कन्सल्टंटनं वापरलेल्या ‘रेसिपी २०१६’ नावाच्या पद्धतीत दृष्टिकोनच तीन आहेत, आणि दृष्टिकोन बदलला की गुणकंही बदलतात. लोकांसमोर मांडायच्या तुलनेत अशी वजनं वापरूच नयेत असं आयएसओ १४०४४ स्पष्ट सांगतं. म्हणजे तुमचे ३१ टक्के अंतर्गत बैठकीच्या बाहेर जाऊ शकत नाहीत.

एकाच आकड्याचा मोह काय करतो याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २०१८ साली पिशव्यांचा एलसीए प्रसिद्ध केला. त्यातून ‘सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी’ ही ओळ जगभर फिरली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, आणि आपल्याकडेही ती ओळ व्हॉट्सॲपवर मला चार जणांनी पाठवली. पण ७,१०० हा सगळ्या रकान्यांतला सगळ्यात वाईट आकडा होता, ओझोन थराच्या ऱ्हासाचा. फक्त हवामानबदल बघितला तर त्याच रिपोर्टात, त्याच पिशवीला ५२ वेळा पुरत होत्या. माझी आई तिची खादीची पिशवी घेऊन जांभळी नाक्याला आठवड्यातून तीनदा जाते. बावन्न चार महिन्यांत होतात.

मिथेनबद्दल दोन वाक्यं. भिजलेला, टोमॅटोच्या रसानं चिकट झालेला खोका रद्दीवाला उचलत नाही; तो डम्पिंगला जातो आणि तिथे कुजून मिथेन देतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१च्या अहवालानुसार असा जैविक मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास तापवतो. तुमच्या रिपोर्टात सगळे खोके रद्दीत गेलेत. जुलैमधल्या मार्केटचा गाळा कुणी बघितलेला दिसत नाही.

मग छापायचं काय? ‘१५ टक्के कमी प्रदूषण’ यात दोन घोटाळे आहेत. पंधरा टक्के एकाच रकान्याचे आहेत आणि ‘प्रदूषण’ या शब्दात वाचणारा अठराही रकाने धरतो. शिवाय प्रतिस्पर्धी पर्यायाशी तुलना करून जाहीर दावा करायचा, तर आयएसओला किमान तीन जणांच्या पॅनेलकडून समीक्षा लागते. तुमच्या रिपोर्टावर कन्सल्टंटच्याच दुसऱ्या सहकाऱ्याची सही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणलीत. त्यांनुसार पर्यावरणाच्या दाव्याला पडताळता येईल असा पुरावा लागतो आणि तुलना नेमकी कशाची ते उघड करावं लागतं. आज इतकंच म्हणता येईल: ‘क्रेट अमुक फेऱ्यांपेक्षा जास्त टिकला तर एक टन टोमॅटोमागे हरितगृह वायूंचं उत्सर्जन खोक्यापेक्षा कमी.’ क्रेटवर छापायला हे वाक्य लांब आहे, मला मान्य. बैठकीच्या इतिवृत्तात मात्र बसतं. आणि साहेबांना काम देतं: क्रेटवर नंबर टाका, दुकानदाराकडून अनामत घ्या, हरवणं कमी करा. ३३चे ५० झाले, तर खोक्याचं श्रेय तसंच ठेवूनही क्रेट २३वर येतो.

पूर्णतेची तपासणी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे तुमचा अख्खा रिपोर्टच अपुरा आहे. फंक्शनल युनिट, म्हणजे ज्या कामाच्या मापानं दोन्हींची तुलना केली ते, काय लिहिलंय? ‘एक टन टोमॅटो पोचवणे.’ पोचवणे, विकण्याजोगे पोचवणे नाही. समजा एक किलो टोमॅटो पिकवताना ०.३ किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य निघतो. एका टनाला ३००. त्यातला एक टक्का माल वाटेत चेंगरून फेकला गेला की ३ किलो गेले. आपण ज्या साडेतीन किलोंवरून एवढं भांडतोय, ते टोमॅटोच्या जेमतेम सव्वा टक्का नासाडीएवढे आहेत. क्रेटमध्ये हवा खेळते, तो दबत नाही. पण खडबडीत कडेनं टोमॅटो सोलवटतो. खोक्यात त्याला मऊ आधार मिळतो, पण पावसात तळ फुगून बसला की खालचा थर गेला. कोण जास्त वाचवतो हे तुमच्या मालावर, तुमच्या रस्त्यावर, तुमच्या हमालांवर ठरतं, आणि कुठल्याही डेटाबेसमध्ये ते नाही.

वजनकाटा घेऊन एक माणूस पहाटे चारला गाडी उतरते तिथे उभा करा. दहा क्रेट, दहा खोके, फेकलेला माल वेगळा तोला. एकदा फेब्रुवारीत आणि एकदा भर जुलैत. ते दोन कागद मला पाठवा, मग २०.५ आणि २४ पुन्हा काढू.